शेवटच्या उड्डाणाआधीचे 251 दिवस

9 ऑगस्ट 2018, गुरुवार. 251 दिवस बाकी.

जेट एअरवेजच्या संचालक मंडळाची मुंबईत बैठक झाली. विषय एप्रिल ते जून या तिमाहीचे निकाल. निकाल जाहीर झाले नाहीत. काही बाबी पूर्ण व्हायच्या आहेत, म्हणून लेखापरीक्षण समितीने ते मंजुरीसाठी पुढे पाठवले नाहीत, एवढेच शेअर बाजाराला कळवले गेले.

कंपनीची वार्षिक सभाही त्याच दिवशी होती. शेअरचा भाव पडून भागधारकांचे पैसे बुडाले, याची आपल्याला लाज वाटते, अशा आशयाचे अध्यक्ष नरेश गोयल तिथे बोलले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ते छापून आले.

जेटप्रिव्हिलेज या जेटच्या निष्ठावंत-ग्राहक योजनेच्या सभासदांना त्या दिवशी कोणतेही पत्र आले नाही, यायचे कारणही नव्हते. लाखो खात्यांवर जेपी माइल्स, म्हणजे पुढे तिकिटांसाठी वापरता येणारे गुण, जमा होते. विमानाने फिरणाऱ्यांनी ते प्रवासातून मिळवले होते, बाकीच्यांनी क्रेडिट कार्डावर किराणा, पेट्रोल आणि मुलांची फी भरून. एचडीएफसी, आयसीआयसीआय, इंडसइंड, अमेरिकन एक्सप्रेस या सगळ्यांची जेटचे नाव असलेली कार्डे बाजारात होती. विमानात वर्षातून एकदाही न बसणारा माणूस अशा रीतीने विमान कंपनीचा देणेकरी नव्हे, घेणेकरी झाला होता. आपण घेणेकरी आहोत, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

27 ऑगस्ट 2018, सोमवार. 233 दिवस.

थांबलेले निकाल आले. तीन महिन्यांचा तोटा 1,323 कोटी रुपये.

इंधन महागले होते, रुपया घसरला होता आणि तिकिटांचे भाव वाढवता येत नव्हते. स्वस्त तिकिटे विकणाऱ्या कंपन्यांशी जेटची गाठ होती. सहारा एअरलाइन्स 2007 मध्ये 1,450 कोटींना विकत घेतली, तेव्हापासूनचे ओझे अजून पाठीवर होते. अबू धाबीच्या एतिहादने 2013 मध्ये 24 टक्के हिस्सा घेऊन एकदा श्वास दिला होता. पुढच्याच वर्षी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी झाली आणि तिचा 50.1 टक्के हिस्साही एतिहादने घेतला. त्यासाठी मोजले 15 कोटी डॉलर. जेटकडे 49.9 टक्के उरले.

50.1 हा आकडा लक्षात ठेवायला हवा. माइल्सचे काय होणार हे पुढे त्याच्यावर ठरले. त्या वेळी मात्र ही बातमी आर्थिक पानावरच्या एका रकान्याएवढी होती.

असे घेणेकरी विमानतळापासून दूरच्या घरांतही होते. मराठवाड्यात अंबड तालुक्यातले अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसले आहे. इथल्या माणसाला विमान धरायचे तर चिकलठाण्याला जावे लागते, तेव्हाच्या औरंगाबादला. माइल्स असलेच तर ते पुण्यात नाहीतर हैदराबादेत कंपनीत लागलेल्या पोराच्या कार्डावर. त्या माइल्सवर आईवडिलांना एकदा विमानात बसवायचे, हा बेत अशा घरांत नेहमीचा. कधी, तर सुट्टी जमली की.

31 डिसेंबर 2018, सोमवार. 107 दिवस.

सप्टेंबर तिमाहीचा तोटा नोव्हेंबरमध्येच जाहीर झाला होता: 1,297 कोटी. वैमानिकांचे आणि अभियंत्यांचे पगार तुकड्या-तुकड्यांनी होत होते.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बँकांचा हप्ता भरायचा होता. तो भरला गेला नाही. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांचे व्याज आणि मुद्दल थकल्याचे कंपनीने शेअर बाजाराला कळवले. इक्रा या पतमापन संस्थेने पुढच्या एक-दोन दिवसांतच जेटच्या कर्जाची पत ‘डी’वर आणली. पतमापनात ‘डी’च्या खाली अक्षर नाही.

त्याच सुमारास देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या बऱ्याच तिकिटांवरचे मोफत जेवण बंद झाले. प्रवाशांनी तक्रार केली ती जेवणाची.

माइल्स तसेच होते. जानेवारीत खाते उघडून पाहिले असते तर आकडा डिसेंबरपेक्षा थोडा वाढलेलाच दिसला असता, कारण कार्ड चालू होते. बँक बुडीताकडे चालली की व्याजदर किंवा पैसे काढण्याची मर्यादा, काहीतरी हलते. इथे पडद्यावर काहीच हलत नव्हते. या व्यवहारातली सगळ्यात फसवी गोष्ट मला हीच वाटते.

14 फेब्रुवारी 2019, गुरुवार. 62 दिवस.

डिसेंबर तिमाहीचा तोटा 588 कोटी. आकडा कमी झाला म्हणून दिलासा मानणारेही होते.

त्याच दिवशी संचालक मंडळाने बँकांची तात्पुरती योजना मान्य केली. सुमारे 8,500 कोटींची तूट होती. कर्जाचा काही भाग शेअरमध्ये बदलायचा: 11.4 कोटी शेअर, सगळ्यांची मिळून किंमत एक रुपया. कंपनीची निम्मी मालकी बँकांनी एका रुपयाला घ्यायची होती, आणि भागधारकांनी आठवड्याभरात त्याला होकार दिला.

बँकांजवळ करार होते, तारण होते आणि आता मालकीही येणार होती. विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे विमानेच होती. भाडे थकले की त्या विमान जमिनीवर उभे करायला लावत. मार्च उजाडेपर्यंत एकामागून एक विमाने अशी उभी राहू लागली.

19 मार्च 2019, मंगळवार. 29 दिवस.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, आढावा घेऊन पत्रक काढले. उडण्याजोगी विमाने 41. त्यावर बेतलेले वेळापत्रक: देशातली 603 उड्डाणे, परदेशी 382. कंपनीच्या ताफ्यात एके काळी सव्वाशेच्या आसपास विमाने होती.

पत्रकात आणखी एक सूचना होती: येत्या काळात विमाने आणखी कमी होऊ शकतात.

विमानांची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांच्या संघटनेनेही त्याच दिवशी महासंचालनालयाला लिहिले की तीन महिन्यांचे पगार थकले आहेत, त्याचा मनावर परिणाम होतो आहे आणि त्यातून सुरक्षेला धोका आहे.

एका दिवसात दोन कागद झाले, दोन्ही सार्वजनिक. माइल्स संपवायचे असतील तर संपवून टाका, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगणार नव्हते. पण माइल्स वापरायचे तर कुठेतरी जायचे असावे लागते. परीक्षा संपायच्या होत्या. मराठवाड्यात दुष्काळ होता, गावोगाव टँकर चालू होते, आणि अशा उन्हाळ्यात कुणी सहलीचा विषय काढत नाही. मे महिन्यात बघू, असे ठरले. काही न करण्याचा निर्णय असाच होतो. तो घेतला हे घेणाऱ्याला कळतही नाही.

किंगफिशर या विमान कंपनीची आठवण ताजी असायला हरकत नव्हती. 20 ऑक्टोबर 2012 रोजी तिचा उड्डाणाचा परवाना निलंबित झाला. किंग क्लब या तिच्या योजनेचे पॉइंट सांभाळून बसलेल्यांना पुढे त्यांचे काही करता आले नाही. तिथेही आधी पगार थकले, मग अभियंते थांबले, मग विमाने. सात वर्षांत क्रम बदलला नव्हता.

25 मार्च 2019, सोमवार. 23 दिवस.

नरेश गोयल आणि अनिता गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले. बँका तातडीचे 1,500 कोटी घालणार, अशी घोषणा झाली.

शेअर वधारला. अडचणीचा मालक गेला, आता सरकारी बँका आल्या. सरकार निवडणुकीच्या तोंडावर एवढी मोठी कंपनी पडू देणार नाही, असे बोलले जाऊ लागले. मार्च महिन्यात माइल्स न वापरण्याचे सगळ्यात सयुक्तिक कारण हेच होते. आणि 1,500 कोटींच्या घोषणेतले पैसे कंपनीला हवे तेव्हा आले नाहीत.

2 एप्रिल 2019, मंगळवार. 15 दिवस.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे 12 फेब्रुवारी 2018 चे परिपत्रक रद्द केले. मोठ्या थकीत कर्जांचा निकाल ठराविक मुदतीत लावा, असे ते परिपत्रक होते. खटला ज्या नावाने ओळखला जातो ते नाव एका साखर कंपनीचे, तामिळनाडूतल्या धरणी शुगर्सचे. जेटची योजना बँकांनी याच परिपत्रकाच्या आधाराने आखली होती. योजनेचा पाया एका दिवसात डळमळला.

साखरेचा विषय निघालाच आहे, तर अंकुशनगरला सहज कळेल असा एक फरक सांगून ठेवतो. ऊस काट्यावर चढला की शेतकऱ्याच्या हाती वजनाची पावती पडते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान किंमत, 14 दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, आणि तरीही नाही दिली तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश, काढतात, मग कलेक्टर साखर जप्त करू शकतो. पैसे मिळायला वेळ लागतो, आंदोलने करावी लागतात, तो भाग आहेच. पण पावतीमागे कायदा उभा आहे. माइल्सच्या पावतीमागे फक्त कंपनीने स्वतः लिहिलेल्या अटी असतात, आणि त्यांत माइल्सना रोख किंमत नाही, ती सभासदाची मालमत्ता नाही, अटी कधीही बदलता येतील, असे स्वच्छ लिहिलेले असते.

5 एप्रिल 2019, शुक्रवार. 12 दिवस.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा.

दुपारी 12 वाजता इंडियन ऑइलने जेटला इंधन देणे थांबवले. बिले थकली होती. संध्याकाळपर्यंत पुरवठा पुन्हा सुरू झाला.

इंधन कंपनीच्या हातात नळी होती. ती तिने पाच-सहा तास बंद ठेवून दाखवली. मार्चचा पगार कंपनीतल्या सुमारे 16,000 कर्मचाऱ्यांपैकी कोणालाच मिळाला नव्हता. त्यांच्याही हातात काही होते: वैमानिकांची संघटना ‘पगार नाही तर उड्डाण नाही’ अशी तारीख आधी 1 एप्रिलची देऊन बसली होती, मग 15 एप्रिलची.

माइल्सवाल्याला अडवून धरण्यासारखे काहीच नव्हते. त्याने आपली बाजू वर्षानुवर्षे आधीच पुरी केली होती.

10 एप्रिल 2019, बुधवार. 7 दिवस.

ॲमस्टरडॅम विमानतळावर जेटचे बोइंग 777 मुंबईला निघायच्या तयारीत होते. मालवाहतुकीचा हिशेब पाहणाऱ्या तिथल्या एका एजंटाने थकीत रकमेसाठी ते अडकवले. विमान निघाले नाही.

11 एप्रिल 2019, गुरुवार. 6 दिवस.

ताफा 14 विमानांवर आला. परदेशी उड्डाणे स्थगित. परदेशी उडायचे तर किमान 20 विमाने हवीत, असा नियम आहे. त्यामुळे परवानगीचाच प्रश्न उभा राहिला.

त्याच दिवशी लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा होता. बातम्यांत जेट दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर.

माइल्स साठवणाऱ्यांमध्ये एक जाणकार वर्ग असतो. बिझनेस क्लासचे परदेशी तिकीट काढण्यासाठी तो वर्षानुवर्षे थांबतो, कारण माइल्सचा भाव तिथेच सगळ्यात चांगला मिळतो. हिशेब बरोबर होता. मुंबई ते लंडन या जागेसाठी थांबलेल्याला ती जागा आता मिळणार नव्हती. ज्यांनी फुटकळ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या वस्तू, व्हाउचर, मिक्सर वगैरे आधीच घेऊन टाकले होते, त्यांच्या घरात निदान मिक्सर होता.

12 एप्रिल 2019, शुक्रवार. 5 दिवस.

मुंबईत अंधेरीच्या सिरोया सेंटरसमोर, कंपनीच्या मुख्यालयाबाहेर, कर्मचारी गणवेशात जमले. दिल्लीत पंतप्रधान कार्यालयात बैठक झाली. कंपनी विकत घेण्यात रस असलेल्यांनी अर्ज करायची मुदत याच दिवशी संपत होती.

14 एप्रिल 2019, रविवार. 3 दिवस.

आंबेडकर जयंती. वैमानिकांच्या संघटनेने दुसऱ्या दिवसापासूनचा संप पुढे ढकलला. पगार मिळाला नव्हता. बँकांना एक संधी द्यावी म्हणून त्यांनी उडत राहायचे ठरवले. या सगळ्या घटनाक्रमात एखाद्या पक्षाने आपल्या हातातले हत्यार आपणहून खाली ठेवले असेल तर ते इथे.

16 एप्रिल 2019, मंगळवार, सकाळ. सुमारे 36 तास.

संचालक मंडळ पुन्हा बसले. सेवा चालू ठेवायला बँकांकडे तातडीने 400 कोटी मागितले होते. मुख्य कार्यकारी अधिकारी विनय दुबे यांनी शेवटचा प्रयत्न करावा, असे ठरले. उडणारी विमाने उरली पाच.

16 एप्रिल, दुपारी 3:30. 31 तास.

मुंबई शेअर बाजार बंद झाला. जेटचा भाव 241 रुपये 85 पैसे.

16 एप्रिल, रात्री उशिरा. 24 तासांच्या आत.

स्टेट बँकेने सर्व बँकांच्या वतीने कळवले: मागितलेली तातडीची रक्कम देण्याचा विचार करता येणार नाही.

17 एप्रिल, बुधवार, सकाळ.

महावीर जयंती. शेअर बाजाराला सुट्टी. ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना त्या दिवशी विकता आले नसते.

उरलेली विमाने मोजक्या मोठ्या शहरांत फिरत होती. चिकलठाण्याच्या वाट्याला त्यांतले एकही नव्हते. जेटच्या मुंबई फेऱ्यांनी औरंगाबादचे उद्योजक आणि वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक यांची वर्षानुवर्षे ने-आण केली. तिथली सेवा शेवटच्या दिवसाआधीच थांबली होती आणि तिला शेवटचा दिवस असा मिळालाच नाही.

17 एप्रिल, संध्याकाळ. काही तास.

कंपनीचे निवेदन आले. इंधनासाठी आणि इतर अत्यावश्यक खर्चासाठी पैसे देता येणार नाहीत, त्यामुळे देशातली आणि परदेशी सर्व उड्डाणे तात्पुरती स्थगित. शेवटचे उड्डाण आज.

तात्पुरती हा शब्द निवेदनात होता.

ज्यांनी तिकिटे रोखीने वा कार्डाने काढली होती त्यांनी परताव्याची चौकशी सुरू केली. क्रेडिट कार्डवाल्याला बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवून घ्यायची वाट असते. माइल्सना तशी वाट नाही.

17 एप्रिल, रात्री 10:30 च्या सुमारास.

अमृतसरहून बोइंग 737 मुंबईकडे निघाले. जेटचे पहिले व्यावसायिक उड्डाण 5 मे 1993 चे. 26 वर्षे पूर्ण व्हायला 18 दिवस कमी होते. मध्यरात्र उलटल्यावर विमान मुंबईत उतरले.

18 एप्रिल 2019, गुरुवार.

शेअर बाजार उघडला. दिवसअखेर जेटचा भाव 163 रुपये 90 पैसे. एका व्यवहार-दिवसात 32 टक्के खाली. त्या दिवशी महाराष्ट्रात लोकसभेच्या दहा जागांसाठी मतदान होते. बीड आणि परभणी त्यांत होते.

जेटप्रिव्हिलेजने सभासदांना कळवले की माइल्स सुरक्षित आहेत. आपली कंपनी वेगळी आहे, माइल्स इतर विमान कंपन्यांच्या तिकिटांसाठी, हॉटेलांसाठी, वस्तूंसाठी वापरता येतील.

ते खरे निघाले. 2014 च्या त्या 50.1 टक्क्यांनी माइल्स वाचवले. सभासदाने यातले काही ठरवले नव्हते; एतिहादने आपल्या सोयीसाठी केलेल्या व्यवहाराचा हा आडफायदा होता. किंगफिशरच्या वेळी पॉइंट हातचे गेले, जेटच्या वेळी आकडा शाबूत राहिला.

आकडा शाबूत, भाव नाही. जेटच्या विमानातली राखीव जागा ठरलेल्या माइल्सना मिळत असे. आता दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढायचे तर रुपयातल्या भाड्याच्या हिशेबाने माइल्स मोजावे लागत. आणि भाडी त्या उन्हाळ्यात चढली होती: जेटची शंभरावर विमाने आकाशातून गेली होती, इथिओपियातल्या अपघातानंतर मार्चपासून बोइंगची 737 मॅक्सही जमिनीवर होती. मे महिन्यात बघू म्हणणाऱ्याला मे महिन्यात तेवढ्याच माइल्सवर कमी प्रवास मिळत होता.

20 जून 2019, गुरुवार. 64 दिवसांनंतर.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने स्टेट बँकेचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. नोव्हेंबरमध्ये जेटप्रिव्हिलेजने नाव बदलून इंटरमाइल्स केले. जेट हा शब्द कार्यक्रमाच्या नावातून गेला.

7 नोव्हेंबर 2024, गुरुवार. साडेपाच वर्षांनंतर.

जालान-कालरॉक गटाला कंपनी पुन्हा उडवायची मंजुरी 2021 मध्ये मिळाली होती. ठरलेले पैसे वेळेत न आल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.

देणी भागवण्याचा क्रम दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये लिहिलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि त्यांच्या बरोबरीने तारणवाले धनको. मग इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे पगार. मग विनातारण वित्तीय धनको. मग सरकारी देणी. त्यानंतर ‘इतर’. शेअरवाले सगळ्यात शेवटी. परतावा न मिळालेला तिकीटवाला प्रवासी या रांगेत ‘इतर’मध्ये उभा राहतो.

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार.

पाच दिवसांनी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये वळवले गेले. सभासदांना ईमेल आले. त्यांत नव्या अटींचा दुवा होता.